भोवळ, मॉनिटर आणि पुढचे पंधरा दिवस

मुंबईच्या उपनगरात कुणी भोवळ येऊन पडलं की पुढचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा शोधायला धावतं, कुणी रिक्षा थांबवतं. अर्ध्या तासात तो माणूस जवळच्या नर्सिंग होमच्या कॅज्युअल्टीत आडवा असतो आणि एव्हाना पूर्ण शुद्धीवर येऊन ‘मला काही झालेलं नाही, घरी जाऊ द्या’ म्हणत असतो. आरएमओ नाडी, बीपी, शुगर बघतात, कार्डिओग्राम काढतात. पट्टीत काही ठळक दिसत नाही. मग ते वाक्य येतं : ‘चोवीस तास मॉनिटरवर ठेवू, रिस्क नको.’ नातेवाईक मान डोलावतात. डॉक्टरच रिस्क म्हणाल्यावर नाही कोण म्हणणार?

हे चोवीस तास आले कुठून आणि त्यांचा उपयोग किती, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. बहुतेक कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, इटलीतलं. त्याचा अंधेरी-बोरिवली, मुलुंड-घाटकोपरच्या डोळ्यांनी घेतलेला हा आढावा. मला त्यातून काय दिसलं ते आधीच सांगून टाकतो : आपण चुकीच्या माणसाला चुकीच्या ठिकाणी चुकीचा काळ पाहत बसतो. ज्याला दोन तास पुरले असते त्याला आयसीयूत ठेवतो, आणि ज्याच्या हृदयावर पंधरा दिवस लक्ष हवं त्याला दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड देऊन मोकळे होतो.

भोवळ, डॉक्टरांच्या भाषेत सिंकोप, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद इतका कमी होणं की माणूस शुद्ध हरपून कोसळतो आणि थोड्याच वेळात आपोआप शुद्धीवर येतो. कारणं ढोबळमानाने तीन. पहिलं व्हॅसोव्हेगल : गर्दी, उकाडा, वेदना, रक्त पाहणं, खूप वेळ उभं राहणं यांनी मज्जासंस्थेची प्रतिक्रिया उलटी होते, रक्तवाहिन्या सैलावतात, ठोके मंदावतात. दुसरं, उठून उभं राहताना बीपी घसरणं. तिसरं हृदय : ठोके अचानक थांबणं, फार मंद किंवा फार जलद होणं, किंवा अरुंद झालेल्या झडपेतून पुरेसं रक्त बाहेर न पडणं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाने २००२ मध्ये ७,८१४ लोकांचा हिशेब मांडला. त्यातल्या ८२२ जणांना कधी ना कधी भोवळ आली होती. सुमारे २१ टक्क्यांत कारण व्हॅसोव्हेगल निघालं, साडेनऊ टक्क्यांत हृदय, जवळपास तेवढ्यांतच उभं राहताना घसरलेलं बीपी. ३६ टक्क्यांहून जास्त लोकांत कारण सापडलंच नाही. महत्त्वाची गोष्ट पुढे होती. व्हॅसोव्हेगल भोवळ आलेल्यांचं आयुष्य इतरांपेक्षा कमी भरलं नाही. हृदयामुळे भोवळ आलेल्यांच्या मृत्यूचा धोका मात्र दुप्पट निघाला. म्हणजे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरसमोर प्रश्न एकच असतो. समोरचा माणूस त्या दहातल्या एकामधला आहे का?

आपल्याकडे पहिल्या दोन कारणांना खतपाणी घालण्याची व्यवस्था चोख आहे. सकाळची विरार फास्ट घ्या. बोरिवलीला चढलेला माणूस अंधेरी येईपर्यंत हलूही शकत नाही. पायांतलं रक्त वर ढकलण्याचं काम पिंढऱ्यांचे स्नायू करतात, आणि तेच निश्चल उभे. वर उकाडा. अशात भोवळ आली तर माणूस पडतही नाही, कारण चारही बाजूंनी गर्दीने त्याला उभं धरलेलं असतं. खरं तर पडणं हाच या आजाराचा उपचार आहे : आडवं झालं की रक्त मेंदूकडे परततं. उभं धरून ठेवलं की बेशुद्धी लांबते, हातपाय झटके देतात आणि डब्यात ‘फिट आली, फिट आली’ असा ओरडा होतो. त्यावर चप्पल हुंगवायचा आग्रह होतो. तिचा उपयोग काही नाही, पण तिच्यासाठी निदान थोडी जागा तरी होते.

बायकांच्या डब्यात आणखी एक कारण जमेला धरावं लागतं. स्टेशनवर, कामाच्या ठिकाणी धड स्वच्छतागृह नाही म्हणून हजारो बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत. ‘राइट टू पी’ ही चळवळ मुंबईत २०११ पासून हेच सांगते आहे. तिची मांडणी हक्काची आणि सन्मानाची आहे, आणि ती योग्यच आहे. पण भोवळीच्या दवाखान्यातून पाहिलं तर तो सरळ रक्तदाबाचाही प्रश्न आहे. नवरात्राचे निर्जळी उपास, रोजे, आणि त्याच दिवशी न चुकता घेतलेली बीपीची गोळी, लघवी वाढवणारी असेल तर आणखीच. दुपारच्या ओपीडीत बसलेला कुठलाही फिजिशियन या जोड्या बोटांवर मोजून दाखवील.

झटक्यांचा विषय निघालाच आहे तर तोही उरकून टाकू. बर्लिनमध्ये लेंपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून त्यांचं चित्रीकरण केलं. ५९ पैकी ४२ जण पूर्ण बेशुद्ध होऊन पडले आणि त्यातल्या ९० टक्के लोकांच्या हातापायांना झटके आले. एकालाही अपस्माराचा आजार नव्हता. मँचेस्टरच्या झैदी यांनी २००० साली औषधांना दाद न देणाऱ्या किंवा निदानाबद्दलच शंका असलेल्या अपस्माराचे ७४ रुग्ण पुन्हा तपासले, तर ३१ जणांत दुसरंच निदान निघालं. काहींच्या हृदयाचे ठोके थांबत होते. आपल्या उपनगरांत झटके दिसले की आधी एमआरआय आणि ईईजी होतो, न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी होते आणि हृदयाचा नंबर शेवटी लागतो. वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खाणाऱ्या सगळ्यांनी घाबरावं असा याचा अर्थ नाही. गोळ्या चालू असूनही जो पडतोय त्याचा ईसीजी कुणीतरी नीट वाचावा, एवढाच आहे.

आता कॅज्युअल्टीतल्या पहिल्या दहा मिनिटांकडे. अमेरिकेत मेंदू आणि सहकाऱ्यांनी (आडनाव खरंच मेंदू आहे) २००९ मध्ये ६५ वर्षांवरच्या २,१०६ रुग्णांच्या भोवळीच्या तपासण्यांचा जमाखर्च मांडला. ईसीजी ९९ टक्के लोकांचा काढला होता. ९५ टक्के मॉनिटरवर होते, तितक्यांच्याच रक्तातली हृदयाची एन्झाइम्स तपासली होती, ६३ टक्के लोकांच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला होता. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी मोजलं होतं फक्त ३८ टक्के लोकांचं. आणि निदान किंवा उपचार बदलण्यात सगळ्यात जास्त कामी आली ती हीच फुकटची तपासणी. निदानाला किंवा उपचाराला उपयोगी पडलेल्या एकेका तपासणीमागे किती डॉलर खर्च झाले याचा हिशेब त्यांनी काढला : उभं-आडवं बीपी १७ ते २० डॉलर, सीटी स्कॅन २४ हजारांच्या वर, ईईजी ३२ हजारांच्या वर.

मुलुंड-घाटकोपरच्या कॅज्युअल्टीत उभं करून बीपी का मोजलं जात नाही, याला आळस हे कारण पुरेसं नाही. रुग्ण स्ट्रेचरवर, स्ट्रेचर दोन खाटांच्या मधल्या वाटेत, उभं राहायला जागा नाही. बीपीचं मशीन सिस्टर दुसरीकडे घेऊन गेलेल्या. उभं राहून तीन मिनिटं थांबायचं, तर तोवर तीन नवे रुग्ण दारात. महापालिकेच्या राजावाडी, कूपर, अगरवाल, शताब्दीसारख्या रुग्णालयांतल्या गर्दीत तीन मिनिटं हा काळ लहान नसतो. तरीही दिलेल्या तीन मिनिटांचं फळ इतकं मोठं असेल तर ती कुठून तरी काढली पाहिजेत. मशीन विकत घ्यायचं नाही, परवानगी लागत नाही, वॉर्डातल्या एका मामांनी रुग्णाला आधार दिला की पुरतं.

बाकी काम इतिहास आणि ईसीजी करतात. पडण्याआधी मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का? उभं असताना पडला की बसलेला असताना? जिना चढताना, धावताना पडला का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? बसल्याजागी किंवा श्रम करताना, कसलीही पूर्वसूचना न देता आलेली भोवळ हृदयाकडे बोट दाखवते. हे आजचं शहाणपण नाही. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये मंद नाडी आणि भोवळ यांचं नातं लिहून ठेवलं तेव्हा ईसीजीचा शोधही लागलेला नव्हता. ते नाडीवर हात ठेवून बसले होते.

हा अनुभव आकड्यांत बसवण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न २००४ मधला सॅन फ्रान्सिस्को नियम. हार्ट फेल्युअरचा इतिहास, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ३० टक्क्यांखाली, सदोष ईसीजी, धाप, आणि वरचं बीपी ९० च्या खाली. यातलं एकही नसेल तर घरी पाठवायला हरकत नाही. मूळ अभ्यासात नियमाने गंभीर घटना होणाऱ्यांपैकी ९६ टक्के लोक पकडले. चार वर्षांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये तोच नियम लावला तर पकड ७४ टक्क्यांवर आली. दर चार गंभीर रुग्णांमागे एक निसटणार असेल तर तो नियम कुणाच्या कामाचा? एका गावात शिवलेला सदरा दुसऱ्या गावात बसेलच असं नाही, हे या क्षेत्राने तेव्हा स्वतःच्या खर्चाने शिकून घेतलं.

नंतर आला कॅनडाचा गुणांक. ओटावाचे वेंकटेश तिरुज्ञानसंबंदमूर्ती आणि सहकाऱ्यांनी ४,०३० रुग्णांवरून तो २०१६ मध्ये तयार केला. त्यांच्यातल्या ३.६ टक्के लोकांना तीस दिवसांत काहीतरी गंभीर झालं होतं. नऊ गोष्टी, उणे ३ पासून अधिक ११ पर्यंत गुण. उकाडा, गर्दी, भीती असं निमित्त असेल तर एक गुण वजा. हृदयविकाराचा इतिहास असेल तर एक अधिक. वरचं बीपी ९० च्या खाली किंवा १८० च्या वर गेलं तर दोन. हृदयाला इजा झाल्याचं सांगणारं रक्तातलं ट्रोपोनिन वाढलेलं असेल तर दोन. ईसीजीतल्या तीन मोजमापांचे एक, एक आणि दोन. शेवटी डॉक्टरचं स्वतःचं मत : व्हॅसोव्हेगल वाटत असेल तर दोन वजा, हृदय वाटत असेल तर दोन अधिक. शून्य किंवा खाली असेल तर धोका कमी, एक ते तीन मध्यम, चार आणि वर जास्त. २०२० मध्ये कॅनडातल्याच ३,८१९ नव्या रुग्णांवर हा गुणांक तपासला गेला आणि टिकला.

मला यातली शेवटची ओळ सगळ्यात बोलकी वाटते. डॉक्टरच्या मताला चार गुणांचा झोका आहे, बाकी कुठल्याच गोष्टीला एवढा नाही. म्हणजे अनुभवाऐवजी वापरायला केलेल्या कोष्टकात सर्वात जड वजन पुन्हा अनुभवालाच. भारतात इमर्जन्सी मेडिसिन ही स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली ती २००९ मध्ये. उपनगरांतल्या अनेक नर्सिंग होममध्ये रात्री ड्युटीवर बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेले आरएमओ असतात, एकटे, आणि फोनवर कन्सल्टंट. त्यांनी ‘हे व्हॅसोव्हेगल आहे’ असं लिहून रुग्णाला घरी पाठवण्याची जबाबदारी का घ्यावी? काही झालं तर सकाळी दारात जमाव येतो. चोवीस तासांचं ते वाक्य अर्ध्या वेळेला हृदयासाठी नसतं, या भीतीसाठी असतं. हा गुणांक आपल्याकडे आणायचा असेल तर आधी त्या आरएमओच्या पाठीशी कोण उभं राहणार ते ठरवावं लागेल.

आता घड्याळाचा प्रश्न. त्याचं आजवरचं सर्वात नेमकं उत्तर याच ओटावाच्या चमूने २०१९ मध्ये ‘सर्क्युलेशन’ नियतकालिकात दिलं. ५,५८१ रुग्ण, कॅनडातले सहा इमर्जन्सी विभाग. त्यातल्या ३.७ टक्के लोकांच्या हृदयाची लय पुढच्या तीस दिवसांत गंभीर बिघडली. कधी बिघडली, हा खरा शोध होता. धोका कमी असलेल्यांत जी काही गडबड सापडली तिच्यापैकी निम्मी पहिल्या दोन तासांतच दिसली. मध्यम आणि जास्त धोक्याच्या रुग्णांत निम्मी गडबड सहा तासांत दिसली. तेवढा वेळ मॉनिटर शांत राहिला तर पुढे काय? कमी धोक्याच्या गटात हजारातल्या दोघांना नंतर त्रास झाला, आणि त्यांच्यापैकी कुणातही जीवघेणी व्हेंट्रिक्युलर लय दिसली नाही किंवा कुणाचा अनाकलनीय मृत्यू झाला नाही. मध्यम गटात मात्र शंभरातल्या पाच जणांना आणि जास्त धोक्याच्या गटात अठरा जणांना पुढे त्रास झालाच. या दोन गटांतल्या सुमारे ९२ टक्के घटना पंधरा दिवसांच्या आत उघड झाल्या, आणि जीवघेण्या व्हेंट्रिक्युलर लयीच्या तर सगळ्याच.

हे आकडे आपल्या चोवीस तासांशेजारी ठेवून पाहा. अभ्यासातल्या रुग्णांपैकी जवळपास तीन चतुर्थांश कमी धोक्याचे होते. त्यांच्यासाठी चोवीस तास म्हणजे गरजेच्या बारा पट. उरलेल्या चतुर्थांशासाठी सहा तास मॉनिटर आणि मग पंधरा दिवस घरी लक्ष. त्यांच्यासाठी चोवीस तास ना धड इकडचे ना तिकडचे. युरोपच्या हृदयरोग संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही जास्त धोक्याच्या रुग्णाला इमर्जन्सी विभागात सहा तासांहून अधिक मॉनिटरवर ठेवावं असं आहे. चोवीस तासांचा आकडा, मला वाटतं, विज्ञानातून आला त्यापेक्षा रुग्णालयाच्या बिलाच्या एककातून जास्त आला. खाटेचं भाडं दिवसावर असतं.

त्यात विम्याची मेख आहे. मेडिक्लेमच्या नेहमीच्या पॉलिसीत ‘रुग्णालयात दाखल’ याची व्याख्याच किमान सलग चोवीस तासांची. सहा तास निरीक्षणाखाली राहून घरी गेलेल्याला कॅशलेस सहसा मिळत नाही, छातीवर पट्टी लावून घरी होणाऱ्या ओपीडी तपासणीला तर नाहीच. म्हणून नातेवाईकच म्हणतात, ‘डॉक्टर, चोवीस तास होऊ द्या.’ त्याहून मजा पुढे. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत ‘केवळ तपासणी आणि निदानासाठी दाखल होणं’ हा एक अपवाद आहे. मॉनिटरवर काही सापडलं नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, की विम्याचे दावे तपासणाऱ्या टीपीएचं पत्र याच कलमावर बोट ठेवून येऊ शकतं. रिपोर्ट चांगला आल्याबद्दल दंड भरावा लागतो असा हा दुर्मीळ व्यवहार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची रचनाही उपचारांच्या पॅकेजांची. पेसमेकर बसवणं तिच्या यादीत आहे. तो लागणार की नाही हे शोधण्याचे पंधरा दिवस कुणाच्या यादीत?

मॉनिटरवर ठेवलं म्हणजे कुणी पाहत असतं, हेही गृहीतच. आयसीयूबाहेरच्या साध्या वॉर्डातला मॉनिटर जवळून पाहिला आहे का? छातीला तीन किंवा पाच चिकट बटणं, वायरी, वर खाटेच्या डोक्याशी हिरवी रेघ. मे-जूनच्या घामाने बटण सुटतं, रेघ सरळ होते, मशीन किंचाळतं. सिस्टर येतात, बटण दाबून बसवतात, जातात. रुग्ण कुशीवर वळतो, पुन्हा तेच. चौथ्या वेळी कुणीतरी आवाज बंद करतं. रात्री तीनला खरोखर सहा सेकंद ठोका थांबला तर तो कागदावर उमटेलच याची खात्री मशीन जुनं असेल तर नसते, आणि रुग्ण झोपेत असल्यामुळे त्यालाही कळत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत आयसीयूबाहेर टेलिमेट्रीवर ठेवलेल्या २,२४० रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा मॉनिटरमुळे उपचारात थेट बदल झाला तो ७ टक्के लोकांत. त्या वॉर्डांत पाहणारी माणसं तरी होती.

पंधरा दिवस घरी लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं? अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या हेलेना गावच्या नॉर्मन होल्टर यांनी १९४९ च्या सुमारास पाठीवर ३८ किलोचं धूड बांधून चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख काढला. पुढे ट्रान्झिस्टर आले, धूड खिशात मावलं, आणि १९६१ मध्ये त्यांनी त्यावर ‘सायन्स’मध्ये लेख लिहिला. आज बोरिवली-घाटकोपरच्या प्रत्येक मोठ्या डायग्नोस्टिक सेंटरवर ‘हॉल्टर’ लागतं ते त्यांच्याच नावाने. अडचण अशी की ते लागतं चोवीस तासांसाठी, क्वचित अठ्ठेचाळीस. ज्याला महिन्यातून एकदा भोवळ येते त्याची भोवळ नेमकी त्याच दिवशी यावी लागते. न आल्यास रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं आणि रुग्ण तो कागद प्रमाणपत्र म्हणून फाइलला लावतो.

त्यावर उपाय म्हणून छातीवर चिकटवायचा, वायर नसलेला पॅच आला. एडिंबरोच्या मॅथ्यू रीड यांच्या चमूने २०१८ मध्ये कारण न सापडलेल्या भोवळीच्या ८६ रुग्णांना इमर्जन्सी विभागातूनच चौदा दिवसांचा पॅच लावून घरी पाठवलं. नव्वद दिवसांत १०.५ टक्के लोकांत लक्षणांशी जुळणारी गंभीर लय सापडली. पूर्वीच्या, पॅच न लावलेल्या रुग्णांत हे प्रमाण २ टक्के होतं. तुलना जुन्या नोंदींशी आहे आणि रुग्ण थोडे, त्यामुळे या निकालावर इमले बांधू नयेत. रीड यांच्याच २०१९ च्या दुसऱ्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते. मोबाइलला जोडायच्या छोट्या ईसीजी पट्टीने ५५.६ टक्के लोकांत लक्षणांच्या वेळची लय पकडली, नेहमीच्या पद्धतीने ९.५ टक्के. पण तो प्रयोग धडधड आणि भोवळ येता येता राहिलेल्यांवर होता. पूर्ण बेशुद्ध माणूस पट्टीवर बोटं ठेवणार कशी? मनगटावरच्या महागड्या घड्याळांनाही हीच मर्यादा आहे. अंधेरीच्या आयटी पार्कातला तरुण डॉक्टरांना घड्याळातला आलेख दाखवतो तो पडण्यानंतरचा असतो. पडतानाचे दहा सेकंद त्यात नसतात.

पॅच भारतातही मिळू लागले आहेत. मुंबईच्या दमट हवेत तो चौदा दिवस चिकटून राहील का, ही शंका रास्त आहे. लोकलमध्ये घामाने निथळणाऱ्या छातीवर आणि रोज दोन आंघोळींनंतर तो चौथ्या दिवशी कोपऱ्यातून उचलला जाणारच. यावर पॅच बदलण्याइतकं साधं उत्तर आहे, फक्त त्याचा खर्च आधी धरावा लागतो. जिथे संशय पक्का आणि भोवळ दुर्मीळ, तिथे त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर. कॅनडात क्रान यांनी २००१ मध्ये साठ रुग्णांवर दाखवलं की रेकॉर्डरने निम्म्याहून थोड्या जास्त लोकांत निदान झालं, नेहमीच्या तपासण्यांनी पाचातल्या एकात. आपल्याकडे त्याचा खर्च लाखाच्या घरात जातो, म्हणून तो सहसा शेवटी सुचवला जातो, तोवर तेवढेच पैसे एमआरआय, ईईजी आणि दोन ॲडमिशनांत गेलेले असतात.

एक उदाहरण गुणांकात बसवून पाहू. समजा, असल्फ्याचा ५८ वर्षांचा रिक्षाचालक. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. साकीनाक्याच्या सिग्नलला बसल्याजागी काही सेकंद मान टाकली, प्रवाशाने हलवलं तेव्हा जागा झाला. ना घाम, ना मळमळ. बीपी ठीक, ट्रोपोनिन ठीक. ईसीजीत क्यूआरएस १४० मिलिसेकंद रुंद, अक्ष डावीकडे कललेला. म्हणजे हृदयाच्या तीन तारांपैकी दोन अडलेल्या. इतिहासाचा एक, रुंदीचा एक, अक्षाचा एक : एकूण तीन, मध्यम धोका. आरएमओ ही पट्टी ‘जुनाच बदल’ म्हणून बाजूला ठेवण्याची शक्यता बरीच आहे. पण अशाच रुग्णांवर ब्रिन्योले यांच्या २००१ च्या अभ्यासात ५२ जणांना लूप रेकॉर्डर बसवले, तेव्हा २२ जणांना पुन्हा भोवळ आली आणि नोंदल्या गेलेल्या बहुतेक घटनांत ठोके चक्क थांबलेले होते. या माणसाला आयसीयूतली एक शांत रात्र काहीच सांगत नाही. त्याला हवेत सहा तास मॉनिटर, नंतर दोन आठवडे पॅच, आणि तोवर हँडलवरून हात बाजूला.

शेवटचं कलम लिहायला सोपं. पंधरा दिवस रिक्षा उभी म्हणजे हप्ता चुकला किंवा शिफ्टवर घेतलेली गाडी दुसऱ्याला गेली. डॉक्टरांनी सांगितलं तरी चौथ्या दिवशी तो मेट्रोखालच्या रांगेत उभा असणार, आणि मागे तीन प्रवासी. युरोपची तत्त्वं धंदेवाईक चालकाला कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नको म्हणतात. तिथे त्या काळात पगाराची काही सोय असते. इथे कार्डावर ‘विश्रांती’ एवढा एकच शब्द असतो.

कॅनडाच्या आकड्यांत आपले काही रुग्ण नाहीत, हेही लक्षात ठेवावं लागेल. ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेल्या झडपा आपल्याकडे अजून दिसतात. तिशी-चाळिशीत हृदयाची वायरिंग बिघडलेला रुग्ण आला तर इथे क्षयाची किंवा सार्कॉइडची गाठ हृदयात आहे का ते पाहावं लागतं. हैदराबादच्या कलंबूर नरसिंहन यांच्या चमूने २०११ मध्ये वरवर धडधाकट हृदयाच्या रुग्णांत धोकादायक लयीमागे या दोन आजारांच्या गाठी दाखवून दिल्या. गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व विभागात, जिथे क्षय घरोघरी माहीत आहे, तिथल्या तरुणाची भोवळ ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देणं परवडणारं नाही. या लोकांसाठी गुणांक कमी दाखवेल आणि डॉक्टरने त्याच्यावर मात करावी, अशी इथली गरज आहे.

पॅचवर ठोके थांबलेले सापडले की पुढचा प्रश्न पेसमेकरचा, आणि त्याबाबतीत आपल्या उपनगराने जगाला काहीतरी शिकवलं आहे. अमेरिकेत मृत व्यक्तींच्या शरीरातून, नातेवाइकांच्या संमतीने अंत्यसंस्कारगृहांत काढलेले १२१ पेसमेकर तपासले गेले. ५३ ची बॅटरी चांगली निघाली. ते निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना बसवले गेले. २०१२ मध्ये त्याच मुंबईच्या अनुभवावर, हृदयरोगतज्ज्ञ यश लोखंडवाला ज्यात होते त्या चमूने, पुन्हा वापरलेल्या १०६ डीफिब्रिलेटरांचा हिशेब छापला : ८१ रुग्ण, आणि निम्म्याहून जास्त जणांना त्या जुन्या यंत्राने वेळेवर उपचार दिला. २०२० मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या १,०५१ रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्यात पुन्हा वापरलेल्या यंत्रांनी जंतुसंसर्ग २ टक्के आणि नव्यांनी १.२ टक्के, म्हणजे फरक ठामपणे म्हणण्याजोगा नाही. पेसमेकर पुन्हा वापरता येतो, तर चौदा दिवसांचा रेकॉर्डर एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जायला काय हरकत आहे? राजावाडी किंवा कूपरच्या कॅज्युअल्टीच्या कपाटात असे वीस रेकॉर्डर ठेवले, मध्यम गुणांच्या रुग्णाला तिथूनच लावून पाठवलं आणि डिस्चार्ज कार्डावर फॉलोअपची तारीख सातव्या दिवसाऐवजी पंधराव्या दिवसाची लिहिली, तर त्यासाठी नवं विज्ञान लागत नाही. कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे असावी लागते, एवढंच.